पातळ लॅपटॉपमधील उष्णता आणि प्रोसेसरची निवड

साधारण १५ ते २० मिलिमीटर जाडीच्या, कार्यालयीन कामासाठी घडवलेल्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरचा वेग किती वेळ टिकेल, हे त्या यंत्राला किती उष्णता बाहेर टाकता येते यावर ठरते. प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तिची शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. त्यामुळे प्रोसेसरचे नाव आणि प्रत्यक्षात मिळणारा वेग यांचा मेळ या वर्गात बसतोच असे नाही. एकच चिप दोन कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये घातली, तर कामाच्या वेळेत चांगलाच फरक पडू शकतो.

चिपचा वीजवापर वारंवारतेच्या (म्हणजे सेकंदाला पडणाऱ्या ठोक्यांच्या) प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारंवारता वाढवायची तर बहुधा व्होल्टेजही चढवावे लागते. म्हणून वरच्या टोकाचे काहीशे मेगाहर्ट्झ उष्णतेच्या हिशेबात फार महाग पडतात. याची दुसरी बाजू पातळ लॅपटॉपच्या पथ्यावर पडते. कोअर, म्हणजे चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, वाढवून प्रत्येकाला जरा सावकाश चालवले, तर तेवढ्याच वॅटमध्ये जास्त काम उरकते. अर्थात, ते काम अनेक कोअरमध्ये वाटता येण्याजोगे असेल तरच.

ॲपलचा पहिला मॅकबुक एअर २००८ साली आला आणि २०११ मध्ये इंटेलने पातळ, हलक्या लॅपटॉपसाठी ‘अल्ट्राबुक’ ही वर्गवारी पुढे आणली. या वर्गातल्या यू मालिकेच्या, म्हणजे इंटेलच्या कमी विजेच्या, चिपा आधी १७ वॅटच्या होत्या, २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून त्या १५ वॅटवर आल्या. खरी उडी २०१७ मध्ये पडली. आठव्या पिढीत त्याच १५ वॅटमध्ये दोनऐवजी चार कोअर बसवले गेले. त्यांतल्या कोअर आय५-८२५०यू या चिपची मूळ वारंवारता १.६ गिगाहर्ट्झ आणि कमाल ३.४ गिगाहर्ट्झ. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजेच पातळ लॅपटॉपचा सगळा प्रश्न.

लांबलचक व्हिडिओ रूपांतराला लावला की असा लॅपटॉप सुरुवातीला जोमात धावतो. पीएल२ ही अल्पकालीन वीजमर्यादा तेव्हा लागू असते आणि चिप १५ वॅटच्या कितीतरी वर जाते. ही मुभा ठरावीक काळापुरतीच, अनेक यंत्रांत २८ सेकंदांच्या आसपास. नंतर पीएल१ ही कायमची मर्यादा अंमलात येते, वारंवारता मधल्याच कुठल्यातरी आकड्यावर उतरते आणि उरलेले काम त्याच चालीने होते. याला बिघाड म्हणता येत नाही, रचनाच तशी आहे. मात्र तापमान १०० अंश सेल्सिअसच्या जवळ पोहोचून चिपला ठरल्यापेक्षाही खाली यावे लागले, तर ते थर्मल थ्रॉटलिंग. या दोन्ही मर्यादा लॅपटॉपची कंपनी आपल्या रचनेनुसार बदलू शकते, आणि विक्रीच्या माहितीपत्रकात ते आकडे क्वचितच सापडतात. पहिल्या मिनिटाच्या चाचणीवरून यंत्राची पारख करण्यात म्हणूनच अर्थ नाही; तीच चाचणी लागोपाठ चालवली की गुण कुठे स्थिरावतात ते पाहावे.

उष्णता वाहून नेण्याचे काम हीट पाइप करते. तांब्याच्या या चपट्या नळीत कमी दाबाखाली थोडे पाणी असते. चिपकडच्या टोकाला त्याची वाफ होते, पंख्याजवळच्या पातळ पात्यांपाशी ती निवते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी परत फिरते. नळी सहसा पुरी पडते. अडचण येते ती पात्यांच्या क्षेत्रफळाची आणि पंख्याच्या जाडीची, कारण पातळ पंखा तेवढीच हवा ढकलण्यासाठी जास्त फिरतो आणि जास्त ओरडतो. दुसरे बंधन बाहेरच्या कवचाचे. चिप ९५ अंश सोसते, मांडी सोसत नाही. त्यामुळे आतला भाग अजून तग धरून असतानाही केवळ पृष्ठभाग तापला म्हणून वीज कापली जाते. लेनोवोचे काही थिंकपॅड लॅपटॉप तर मांडीवर ठेवल्याचे सेन्सरने ओळखून मर्यादा खाली आणतात. टेबलावर वेगवान असलेले यंत्र सोफ्यावर मंद का होते, याचे उत्तर अनेकदा इथे मिळते.

प्रोसेसर निवडताना आय५ की आय७ यावरच सगळा खल होतो, आणि तो बहुतांशी वाया जातो. आय५-८२५०यू आणि आय७-८५५०यू या दोन्हींत चारच कोअर आहेत. १५ वॅटला बांधलेल्या कवचात लांब कामाचा वेळ दोघांना जवळपास सारखाच लागतो. २०२२ च्या बाराव्या पिढीत तर नावे उलटीच पडली. आय७-१२५५यू मध्ये दोन परफॉर्मन्स (वेगवान) कोअर, तर २८ वॅटच्या आय५-१२४०पी मध्ये चार. अर्थात २८ वॅटची चिप हडकुळ्या कवचात कोंबली की गरम तळ आणि लवकर संपणारी बॅटरी पदरी पडते. दिवसभर स्प्रेडशीट, ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एवढेच काम असेल, तर यू मालिकेची चिप आणि पुरेशी रॅम हीच शहाणपणाची निवड. दिवसभर कोड कंपाइल करणाऱ्याने दोन-तीन मिलिमीटर जाडी मुकाट्याने स्वीकारावी.

२०२० मध्ये ॲपलच्या एम१ चिपवरचा मॅकबुक एअर पंख्याविना आला आणि तुलनेची मोजपट्टीच बदलली. २०२४ मध्ये विंडोजच्या बाजूने क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स चिपा आल्या, तर इंटेलने रॅम चिपच्याच पॅकेजवर बसवलेली लूनर लेक मालिका आणली. स्नॅपड्रॅगन घेण्याआधी कार्यालयातले व्हीपीएन, प्रिंटर आणि सुरक्षा सॉफ्टवेअर तपासावे लागते, कारण जुनी ॲप्स इम्युलेशनवर (जुन्या चिपची नक्कल करून) चालली तरी उपकरण चालवणारा ड्रायव्हर मात्र आर्म या स्नॅपड्रॅगनच्या चिप-रचनेसाठीच लिहिलेला लागतो. लूनर लेकची रॅम नंतर वाढवता येत नाही.

व्होल्टेज थोडे उतरवून तापमान कमी करण्याची युक्ती एकेकाळी फार चाले. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षा-त्रुटी उघड झाल्यावर इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत तो मार्ग बायोस (यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अपडेटने बंद झाला. वापरकर्त्याच्या हाती आता पंख्यातली धूळ काढणे, चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) बदलणे आणि विंडोजच्या पॉवर मोडमध्ये ‘बॅलन्स्ड’ निवडणे एवढेच उरते. यंत्र कारणाशिवाय अगदीच रखडत असेल, तर आधी चार्जर पाहावा: कमी वॅटचा चार्जर लावला की काही लॅपटॉप प्रोसेसरची चाल मुद्दाम खाली आणतात, तापमान कितीही कमी असले तरी.