जुन्या कपड्यांचा व्यवसाय: कागद कोणते लागतात आणि फाइल कुठे अडते

वापरलेले चांगले कपडे निवडून, धुऊन, दुरुस्त करून पुन्हा विकायचे, या विचाराने बरीच तरुण मुलंमुली पुढे येतात. कपडा कचऱ्यात जात नाही, भांडवलही थोडं लागतं. तरी कर्जाचे अर्ज परत येतात, कारण बँक खरेदीचं पक्कं बिल मागते आणि या धंद्यात ते कुणाकडेच नसतं. बोहारीण बिल देत नाही, शेजारच्या काकूही देत नाहीत.

यावर उपाय पहिल्या दिवसापासून करा. एक खरेदी-वही ठेवा: तारीख, देणाऱ्याचं नाव, नग, दिलेली रक्कम, सही. शक्यतो पैसे यूपीआयने द्या, म्हणजे बँकेच्या खात्यावर नोंद राहते. कर्जाच्या वेळी साहेबांपुढे ठेवायला निदान हे असतं.

वय 18 पूर्ण नसेल तर करार कायद्याने ग्राह्य नाही. तोवर व्यवसाय पालकांच्या नावावर ठेवा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद, आधार आणि पॅनवर होते, ती पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नाही, ते लगेच बंद करा. वर्गवारी मात्र जपून निवडा. व्यवसायांच्या सरकारी यादीत जुन्या वस्तूंची किरकोळ विक्री 4774 या गटात येते. 2 जुलै 2021 पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम मिळतं, पण लाभ फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता, म्हणजे बँकांना ठरावीक प्रमाणात द्यावंच लागतं त्या कर्जापुरता. उत्पादकांसाठीच्या योजनेत अर्ज करून नकार घेणारे बहुतेक इथेच चुकतात. जुन्या साड्यांच्या गोधड्या, पिशव्या शिवून विकत असाल तर ते उत्पादन आहे, तसं नोंदवा. नुसतं कागदावर उत्पादन दाखवू नका. पाहणीला आलेला माणूस शिलाई मशीन कुठे आहे ते विचारतो.

गुमास्ता, म्हणजे दुकानांच्या कायद्याखाली (शॉप अ‍ॅक्ट) सरकारला द्यायची सूचना, व्यवसाय सुरू झाल्यापासून 60 दिवसांच्या आत द्यायची असते. अनेक जण हे दिवस दुकान थाटामाटात उघडल्यापासून मोजतात. घरून विक्री सुरू झाली असेल तर ती तारीख धरा. मराठी नावफलकासह जागेचा फोटो लागतो. घरातल्या एका खोलीतून ऑनलाइन विकणाऱ्या मुलीलाही फलक लावावा लागतो, हे अर्ज भरतानाच कळावं ही पद्धत बरी नव्हे. जागेचा पुरावा म्हणून जोडायचं वीजबिल वडिलांच्या किंवा घरमालकाच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र आधीच घेऊन ठेवा.

चालू खात्यासाठी उद्यम आणि गुमास्ता हे दोन पुरावे बहुधा पुरतात. मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, तारण लागत नाही. तारण का मागता, असं शाखेत शांतपणे पण जरूर विचारा.

वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे ऐकून निर्धास्त राहू नका. दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर सर्वसाधारणपणे उलाढाल कितीही असो, नोंदणी आधी लागते. इन्स्टाग्रामवरून पणजीला पाठवलेला कुर्ताही त्यात येतो. नोंदणीनंतर वापरलेल्या मालावर खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर भरायची सोय आहे, मात्र तो फरक दाखवायला वरची खरेदी-वहीच लागते.

परदेशी कपड्यांच्या स्वस्त गाठी कुणी देऊ केल्या तर आयात-परवाना पाहायला मागा. वापरलेल्या कपड्यांची आयात परवान्याशिवाय करता येत नाही, आणि जप्तीत पैसे तुमचे जातील.