मॅच सुटल्यावरचा अर्धा तास : पार्श्वभूमी

कोल्हापुरात फुटबॉल सीझन सुरू झाला की बंदोबस्ताची चर्चा येतेच, आणि दरवर्षी ती एकाच जागी अडते. शेवटची शिट्टी वाजल्यावर दोन्हीकडचं पब्लिक एकदम सोडायचं, का एका बाजूला गॅलरीतच थांबवून दुसऱ्यांना आधी घरी पाठवायचं? तालमी म्हणजे पेठापेठांतले फुटबॉल संघ, त्यांची ईर्षा, गॅलऱ्या हे इथल्या माणसाला सांगायला नको, त्यामुळं ते सोडून देतो आणि हा थांबवून ठेवायचा प्रकार आला कुठून आणि त्याचं जगभर काय झालं तेवढंच बघूया, कारण आपल्याकडं तो जणू एखादा सिद्ध उपाय असल्यासारखा मांडला जातो आणि तसा तो नाही.

जुन्या काळात जास्त रमत नाही, पण एक घटना घ्यावीच लागते. २ जानेवारी १९७१, ग्लासगोचं आयब्रॉक्स स्टेडियम, शहरातल्या दोन कट्टर क्लबांची मॅच. शेवटच्या मिनिटाला एकानं गोल मारला, काही सेकंदांत दुसऱ्यानं बरोबरी केली, आणि पब्लिक बाहेर पडत असताना तेरा नंबरच्या जिन्यावर ६६ माणसं चेंगरून मेली. बरीच वर्षं सांगितलं गेलं की बरोबरीच्या गोलचा आवाज ऐकून खाली उतरलेली माणसं परत वर धावली आणि दोन्ही लोंढे एकमेकांवर आदळले, म्हणजे चूक पब्लिकचीच. चौकशीत निघालं वेगळंच, सगळी गर्दी एकाच दिशेनं खाली उतरत होती, कुणीतरी पडलं आणि मागचा दाब थांबला नाही. त्याच जिन्यावर १९६१ मध्ये दोन जण मेले होते, नंतरही माणसं जखमी झाली होती. जिना तोच, इशारा दहा वर्षं आधी मिळालेला, आणि मारामारीचा त्यात काही संबंधच नाही.

हे आधी सांगायचं कारण असं की फुटबॉलच्या गर्दीचा धोका म्हटलं की सगळ्यांना दगडफेक दिसते, जिना कुणाला दिसत नाही. इंग्लंडमध्ये सत्तरच्या दशकात समर्थकांच्या मारामाऱ्या वाढल्या तेव्हा उपाय ठरले ते सगळे याच नजरेतनं: गॅलऱ्यांच्या पुढं उंच जाळ्या, बाहेरगावच्यांना स्टेशनपासून पोलिसांच्या कड्यात चालवत आणायचं, मॅच संपली की त्यांना आत थांबवायचं आणि रस्ता मोकळा झाला की परत कड्यात स्टेशनवर. थांबवून ठेवण्याचा आजचा रिवाज तिथलाच. पुढं १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये त्याच जाळ्यांवर माणसं दाबली गेली, मृतांचा आकडा शेवटी ९७ झाला. पब्लिक दारू पिऊन आलं होतं असं पहिल्या दिवसापासून सांगितलं गेलं, आणि समर्थकांचा दोष नव्हता, हे मृत्यू बेकायदा होते असं ज्युरीनं म्हणेपर्यंत २०१६ उजाडलं. सत्तावीस वर्षं त्या आईबापांनी आपल्या मेलेल्या पोरांवरचा डाग पुसण्यात घालवली. जाळ्या निघाल्या, वरच्या डिव्हिजनमध्ये सगळीकडं खुर्च्या आल्या, समर्थकांना ओळखपत्र सक्तीचं करायचा कायदा झाला होता तो बाजूला पडला. थांबवून ठेवणं मात्र राहिलं.

आता याच गोष्टीवर जरा थांबतो. थांबवण्याच्या बाजूचा मुद्दा खोटा नाही. दोन चिडलेले जमाव एकाच गेटवर, एकाच मिनिटाला आले तर काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर पडलं तर रस्ता मोकळा होतो, डोकी जरा थंड होतात, पोलिसांनाही आपली माणसं हलवायला वेळ मिळतो. पण हा उपाय ज्या परिस्थितीसाठी तयार झाला ती बघा: समोरचं पब्लिक दुसऱ्या गावाहून आलेलं, त्याला रेल्वे नाहीतर बस पकडून परत जायचंय, थोडक्यात त्याला शहरातनं बाहेर काढलं की पोलिसांचं काम संपलं. आणि थांबवलेल्या माणसाला किती वेळ ते सांगायचं, पाणी, संडास, आजारी माणसाला आणि लहान पोरांना आधी सोडायची सोय, हे सगळं त्यात धरलेलं असलं पाहिजे, जे बऱ्याच ठिकाणी धरलेलं नव्हतं, नुसतं गेट लावून घेतलं जायचं. बंद गेट म्हटल्यावर मला लिमा आठवतं. १९६४ मध्ये पेरूच्या राजधानीत अश्रुधूर सोडला, माणसं जिन्यांनी खाली पळाली, खाली शटर बंद. सरकारी आकडा ३२८. २००१ मध्ये घानात अक्राला पुन्हा तेच, अश्रुधूर आणि कुलूपबंद गेट, १२६ मृत्यू. थांबवणं आणि कोंडणं यात फरक एका कुलपाचा आहे, आणि कुलपाची किल्ली कुणाकडं आहे हे त्या क्षणी ठाऊक नसेल तर तो फरकही राहत नाही.

कोर्टातही हा वाद गेला. १० ऑक्टोबर २००९ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-स्वीडन मॅच होती, पोलिसांनी मारामारी होणार म्हणून बऱ्याच जणांना आधीच ताब्यात घेतलं. तिथला कायदा साधारण सहा तासांची मर्यादा सांगतो, तिघांना सात तासांहून जास्त ठेवलं, कुणावरही गुन्हा नाही. ते लढत लढत युरोपातल्या मानवी हक्कांच्या कोर्टापर्यंत गेले आणि २०१८ मध्ये निकाल पोलिसांच्या बाजूनं लागला: धोका खरा होता, माणसं निवडून उचलली होती, शहर शांत झाल्यावर सोडली, म्हणून चाललं. बरेच जण हा निकाल म्हणजे पोलिसांना मोकळं रान समजतात. मला तो उलटा वाटतो. कोर्टानं प्रत्येक तासाचा हिशोब मागितला, सकाळपासून पोलिसांनी काय केलं, आधी समर्थकांशी बोलले का, कमी त्रासाचा दुसरा मार्ग होता का, हे सगळं तपासलं आणि मग होकार दिला.

आपल्याकडं हा हिशोब कोण मागतो? इथं हत्यारं वेगळी आहेत. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चं कलम ३७ म्हणजे जमावबंदी, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १०७ म्हणजे शांततेचा बाँड, १५१ म्हणजे गुन्हा व्हायच्या आधी उचलणं. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १०७ चं १२६ झालं आणि १५१ चं १७०, बाकी वागणं तेच. दुसरं कलम लागलं नाही तर चोवीस तासांच्या आत सोडावं लागतं, पण कागद तिथं संपत नाही. मारामारीच्या गुन्ह्यात जमावातला एक म्हणून नाव आलं की पोरगा चारित्र्य पडताळणीला अडकतो. आपल्या पेठांत सकाळी पाचला उठून ग्राउंड मारणारी, पोलीस आणि आर्मी भरतीची तयारी करणारी किती पोरं आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, आणि गॅलरीत ओरडणारी पण तीच. दगड मारणारा आणि त्याच्या शेजारी नुसता उभा असलेला व्हिडिओत सारखेच दिसतात. ज्यानं दगड मारला त्याला सोडा असं माझं अजिबात म्हणणं नाही, डोकं फुटलेलं पोरगं पण आपलंच असतं. पण सरसकट नावं घालण्यानं शिस्त लागते हे मला पटत नाही.

अलीकडच्या वीस वर्षांत विचार बदलला तो २००४ च्या युरो स्पर्धेपासून, पोर्तुगालमध्ये. मॅच होत्या त्या शहरांत पोलीस साध्या युनिफॉर्ममध्ये, जोडीजोडीनं गर्दीत फिरत, लोकांशी बोलत होते आणि हेल्मेट-ढालवाली तुकडी नजरेआड व्हॅनमध्ये. इंग्लंडचं पब्लिक बदनाम, तरी तिथं मोठं काही झालं नाही. त्याच स्पर्धेत अल्बुफेराच्या बीचवर, जिथं दुसरं पोलीस दल होतं आणि पद्धत जुनी होती, तिथं दंगल झाली. पुढं २०१६ मध्ये मॅचच्या बंदोबस्ताबद्दल युरोपातल्या देशांचा नवा करार झाला, १९८५ चा जुना करार ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममधल्या ३९ मृत्यूंनंतर घाईत झालेला आणि त्याचा सगळा भर हिंसाचारावर होता, नव्यात सुरक्षितता, बंदोबस्त आणि पब्लिकची सोय या तिन्ही गोष्टी एकत्र धरल्या. कागदावर झालं म्हणून जमिनीवर झालं असं नाही. २८ मे २०२२ ला पॅरिसजवळ झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, फायनलला रांगेत उभ्या असलेल्या माणसांवर, बायकापोरांवर अश्रुधूर सोडला, आधी खोट्या तिकिटांचं कारण दिलं गेलं, नंतरच्या स्वतंत्र चौकशीनं मुख्य जबाबदारी आयोजकांवर टाकली.

आणि मग मलंग. १ ऑक्टोबर २०२२, इंडोनेशिया. तिथल्या पोलिसांनी मॅच दुपारी घ्या म्हणून सांगितलं होतं, ती रात्रीच झाली. पाहुण्या संघाच्या समर्थकांना येऊच दिलं नव्हतं, म्हणजे स्टेडियममध्ये भांडायला दुसरी बाजू नव्हतीच. घरचा संघ ३-२ नं हरला, काही पब्लिक मैदानात उतरलं, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि तो थेट गॅलरीकडं पण सोडला, जागतिक फुटबॉलच्या सुरक्षा नियमांत तो मैदानावर चालत नाही तरी. १३५ माणसं गेली, त्यात लहान पोरं होती, बरीच गेटजवळच्या अरुंद वाटेत. ज्या विरोधी समर्थकांसाठी सगळा बंदोबस्त असतो ते तिथं नसतानाही एवढं झालं, ही गोष्ट माझ्या डोक्यातनं जात नाही.

देशातलं उदाहरण पाहिजे तर १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, कोलकात्याच्या दोन जुन्या क्लबांची मॅच, १६ जण गेले. आणि ४ जून २०२५ चं बंगळुरू, खेळ क्रिकेटचा, विरोधी समर्थक नाहीत, नुसता विजयाचा आनंद, तरी स्टेडियमच्या गेटांबाहेर ११ जणांचा जीव गेला.

आता कोल्हापुरातल्या मॅच होतात ते शाहू स्टेडियम. रावणेश्वर तलावाच्या जागेवर, ऐन गावात, चारी बाजूंनी वस्ती. इथं पाहुणा कुणीच नाही. मंगळवार पेठेतला आणि शिवाजी पेठेतला चालत, नाहीतर ट्रिपल सीट दहा मिनिटांत घरी, वाटेतले चौक तेच, आणि रात्री दुधाच्या कट्ट्यावर पण भेट व्हायची. त्यामुळं इंग्लंडसारखं थांबवून स्टेशनवर पोचवलं की संपलं असं इथं होत नाही, गेटवरचं भांडण अर्ध्या तासानं पेठेच्या तोंडाशी जातं, जिथं बंदोबस्त कमी आणि म्हातारीकोतारी माणसं दारात बसलेली. शिवाय आता भांडणाची सुरुवात मॅचच्या आदल्या रात्री स्टेटस आणि रीलवर झालेली असते, गॅलरीत फक्त ते पुढं चालू राहतं.

म्हणून थांबवायचंच असेल तर कुणाला, हा प्रश्न इथं स्वतंत्रपणे सोडवावा लागेल. जिंकलेल्यांना आधी सोडलं की हलगी, गुलाल, रॅली घेऊन ते रस्त्यात रेंगाळतात आणि मागनं हरलेले येतात, हा क्रम सगळ्यात वाईट. हरलेल्यांना आधी सोडावं, ते मुकाट घरी जातात, आणि जिंकलेल्यांना जल्लोष गॅलरीतच करू द्यावा, हलगीसकट, पंधरा-वीस मिनिटं, गेट उघडं ठेवून पण माणसं उभी करून, आणि ती माणसं शक्यतो त्याच तालमीची जुनी खेळाडू मंडळी असावीत, कारण काठीपेक्षा पेठेतल्या वडीलधाऱ्याचा आवाज पोरं लवकर ऐकतात. किती वेळ थांबायचंय ते माईकवर आधीच सांगावं. ड्रॉ झाली तर ज्यांचं घर लांब त्यांना आधी.