बेसबॉलचे ट्रेड आणि १५ जूनची घाई

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमधले बरेच मोठे ट्रेड, म्हणजे क्लबांमधली खेळाडूंची अदलाबदल, हिवाळ्यात ठरतात. हंगाम सुरू होतो आणि मे उजाडेपर्यंत कोण फसलं याचा निकाल लोकांनी लावून टाकलेला असतो. ही घाई नुसत्या उतावीळपणातून आलेली नाही. १९२३ ते १९८५ या काळात हंगामातल्या साध्या ट्रेडची (इतर क्लबांना आधी विचारावं न लागणाऱ्या) मुदत १५ जूनला संपायची. जेमतेम ५५-६० सामने पाहून क्लबला ठरवावं लागे, की हिवाळ्यातली चूक आत्ताच निस्तरायची की वर्षभर सोसायची. १९८६ पासून मुदत जुलैअखेरीस गेली, पण लवकर निवाडा करायची सवय राहिली.

ती सवय किती महाग पडते, हे १५ जून १९६४ च्या ट्रेडइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. शिकागो कब्जकडे लू ब्रॉक होता. ५२ सामन्यांत त्याची बॅटिंग सरासरी .२५१, म्हणजे हजार ॲट-बॅटमागे (बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या संधींमागे) २५१ हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके. सेंट लुईस कार्डिनल्सकडे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, अर्नी ब्रॉलियो होता, आदल्याच वर्षी १८ विजय मिळवलेला. मुदतीच्या दिवशी सहा खेळाडूंचा व्यवहार झाला आणि शिकागोत अनेकांना तो आपल्याच फायद्याचा वाटला. ब्रॉकने उरलेल्या १०३ सामन्यांत .३४८ ने फलंदाजी केली, ३३ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठला, आणि कार्डिनल्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका जिंकली. ब्रॉलियोचं कोपर आधीच दुखत होतं. नोव्हेंबरमध्ये त्यावर शस्त्रक्रिया झाली आणि कब्जसाठी तो एकूण ७ सामने जिंकला, १९ हरला. कब्ज सरासरी आणि विजय मोजत बसले. ब्रॉकचा वेग आणि ब्रॉलियोचं कोपर त्या आकड्यांत नव्हतंच.

५२ सामन्यांच्या सरासरीवर भरवसा का ठेवू नये, हे साध्या गणितात कळतं. मुळात .२७० चा असलेला बॅटर १०० ॲट-बॅटमध्ये केवळ योगायोगाने .२२६ ते .३१४ मध्ये कुठेही दिसू शकतो, आणि तीनांतल्या एका वेळी त्याच्याही बाहेर जातो. एप्रिलअखेरीस बहुतेकांच्या नावावर एवढेच ॲट-बॅट असतात. २००१ मध्ये व्होरोस मॅक्क्रॅकन यांनी दाखवलं, की मैदानात पडलेल्या चेंडूचा हिट होतो की आउट, यावर पिचरचा ताबा फार थोडा असतो. रसेल कार्लटन यांनी कोणता आकडा कधी भरवशाचा होतो ते मोजलं. बॅटरच्या स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकनंतर बाद होण्याचं) प्रमाण सुमारे ६० वेळा बॅटिंगला आल्यावर, वॉकचं (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणाऱ्या पहिल्या बेसचं) १२० नंतर. बॅटिंग सरासरीला मात्र ९०० च्या आसपास ॲट-बॅट लागतात, म्हणजे एक हंगामही पुरत नाही. २०१५ पासून सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट ही चेंडूचा माग ठेवणारी यंत्रणा आल्यावर बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेगही रोज मिळू लागला.

म्हणून मे महिन्यात बघायचं ते हे: स्ट्राइकआउट आणि वॉक गेल्या वर्षीच्या तुलनेत कुठे आहेत, ताशी ९५ मैलांच्या वर किती चेंडू मारले जातात, पिचरच्या फास्टबॉलचा, म्हणजे सर्वात वेगवान चेंडूचा, वेग किती आहे. वेगाची तुलना गेल्या एप्रिलशीच करावी, कारण थंडीत तो उन्हाळ्यापेक्षा कमीच असतो. तुलना गेल्या जुलैशी केली, तर धडधाकट पिचरही दुखापतग्रस्त वाटतो. होम रन (थेट मैदानाबाहेर गेलेले फटके) मोजताना नवं घरचं मैदान लहान की मोठं, तेही पाहायला हवं.

फ्रान्सिस्को लिंडोर जानेवारी २०२१ मध्ये क्लीव्हलँडहून न्यूयॉर्क मेट्सकडे आला. मेमध्ये त्याची सरासरी .२०० च्या खाली होती, घरच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. बदल्यात गेलेला आंद्रेस जिमेनेझ त्याच मे महिन्यात मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावर, पाठवला गेला. तेव्हा दोन्ही क्लब बुडाल्यासारखे दिसत होते. २०२२ मध्ये जिमेनेझ .२९७ च्या सरासरीने ऑल-स्टार झाला, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या संघात गेला, आणि लिंडोरच्या फटक्यांवर १०७ धावा आल्या. दोन्ही क्लबांत फरक एकच होता: लिंडोर आला तेव्हा तो क्लबच्या हक्कात राहण्याचं शेवटचंच वर्ष उरलं होतं. हंगामाच्या तोंडावर मेट्सने त्याच्याशी ३४.१ कोटी डॉलरचा दहा वर्षांचा नवा करार केला, तर जिमेनेझची स्वस्तातली अनेक वर्षं क्लीव्हलँडच्या हातात होती. डिसेंबर २०२४ मध्ये क्लीव्हलँडने जिमेनेझला टोरांटोला दिलं, आणि २०२१ च्या त्या ट्रेडचा हिशेब त्याच्या बदल्यात आलेल्या खेळाडूंच्या खात्यात पुढे सरकला.