फंक्शनल भाषांतून हार्डवेअर उपकरणांची चौकशी व व्यवस्थापन

संगणकाला जोडलेली उपकरणे शोधणे, त्यांची ओळख व स्थिती विचारणे आणि त्यांच्याकडून काम करून घेणे ही कामे हास्केल, अर्लांग, एलिक्सर, ओकॅमल, एफ-शार्प यांसारख्या फंक्शनल, म्हणजे फलनांतून (फंक्शन्समधून) प्रोग्रॅम रचणाऱ्या, भाषांत करताना एक मूलभूत अडचण येते. शुद्ध फलनाला तीच माहिती दिली की दर वेळी तेच उत्तर मिळाले पाहिजे. सेन्सरला मात्र तोच प्रश्न पाच मिनिटांनी पुन्हा विचारला तर उत्तर बदलते, आणि दरम्यान त्याची तार निघाली असेल तर उत्तरच येत नाही. या अडचणीवर वेगवेगळ्या भाषांनी वेगवेगळे उपाय योजले असले, तरी त्यांत एक समान धोरण दिसते: उपकरणाशी होणारा प्रत्यक्ष व्यवहार प्रोग्रॅमच्या कडेला, शक्य तितक्या पातळ थरात ठेवायचा, आणि गणित व निर्णय शुद्ध फलनांकडे सोपवायचे.

हास्केलचा पहिला अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा बाहेरच्या जगाशी होणारी देवाणघेवाण ही विनंत्यांचा एक प्रवाह आणि उत्तरांचा दुसरा प्रवाह अशा रूपात मांडलेली होती. ही रचना वापरायला अवघड होती. युजेनिओ मोज्जी यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोनाड ही गणिती संकल्पना प्रोग्रॅमिंग भाषांच्या अभ्यासात आणली. फिलिप वॉडलर व सायमन पेटन जोन्स यांनी तिचा हास्केलसाठी उपयोग करून दाखवला, आणि १९९६ च्या १.३ आवृत्तीत ती भाषेचा भाग झाली. या रचनेत ‘सेन्सर वाच’ असे लिहिल्याने लगेच काहीही वाचले जात नाही. ते वाचनाच्या कृतीचे वर्णन असते, आणि अशी वर्णने जोडून तयार झालेला संपूर्ण कार्यक्रम शेवटी रनटाइम (प्रोग्रॅम चालवणारी व्यवस्था) पार पाडतो. कोणते फलन उपकरणाला हात लावते आणि कोणते लावत नाही, हे त्याच्या टाइपवरूनच, म्हणजे जाहीर केलेल्या प्रकारावरूनच, कळते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा या रचनेचा सर्वांत मोठा लाभ आहे.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील काजूबियांच्या गोदामाचे उदाहरण घेता येईल. उन्हात वाळवून साठवलेल्या बिया पावसाळ्यात पुन्हा ओलावा धरतात, म्हणून कोंदट हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला जातो. परंतु बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा अधिक दमट असेल, तर तोच पंखा गोदामात ओलावा ओढून आणतो. त्यामुळे भिंतीच्या आत एक आणि बाहेर एक असे दोन सेन्सर लागतात. बॉश कंपनीचा बीएमई२८० हा तापमान, आर्द्रता व हवेचा दाब मोजणारा सेन्सर यासाठी सोयीचा आहे, कारण त्याची एक पिन जोडण्याच्या पद्धतीनुसार त्याला ११८ किंवा ११९ हा पत्ता देता येतो आणि त्यामुळे दोन्ही सेन्सर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या एकाच आयटूसी जोडणीवर बसू शकतात. फिलिप्स कंपनीने १९८२ साली आणलेल्या आयटूसी पद्धतीत माहिती व वेळेचा ठोका (क्लॉक) यांसाठी दोनच तारा असतात. पत्ते सात बिटांचे, म्हणजे १२८, असतात आणि त्यांपैकी राखीव पत्ते वगळून ८ ते ११९ हे ११२ पत्ते उपकरणांसाठी उरतात. तारांची लांबी थोडी ठेवावी लागते.

पत्त्यावरून उत्तर आले एवढ्याने ओळख पटत नाही. बीएमई२८० च्या २०८ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये (चिपमधील माहितीच्या कप्प्यात) ९६ हा आकडा असतो; त्याच पत्त्यावर बसणाऱ्या, दिसायला अगदी सारख्या बीएमपी२८० मध्ये ८८ असतो, आणि तो आर्द्रता मोजतच नाही. म्हणून चौकशीचे उत्तर ‘बीएमई’, ‘बीएमपी’ किंवा ‘अनोळखी’ अशा पर्यायी रूपांच्या टाइपमध्ये घेणे हिताचे असते. एखादा पर्याय हाताळायचा राहिला तर इशारे (वॉर्निंग) सुरू ठेवलेला हास्केलचा किंवा ओकॅमलचा कंपायलर तो दाखवून देतो, आणि चुकीचा सेन्सर गोदामात बसून महिनाभर निरर्थक आकडे देण्याचा धोका टळतो.

यापुढचे जवळजवळ सगळे काम शुद्ध फलनांचे आहे. सेन्सर तापमान थेट अंशांत देत नाही. तो वीस बिटांची एक कच्ची संख्या देतो. कारखान्यात प्रत्येक चिपमध्ये तिचे स्वतःचे गुणांक भरलेले असतात. ते एकदा वाचून घेतले की कच्ची संख्या आणि गुणांक देऊन तापमान काढणारे फलन उपकरणाविना, नुसत्या आकड्यांवर तपासता येते. बाष्पाच्या तुलनेचेही तसेच आहे. २५ अंश सेल्सिअसला ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेत दर घनमीटरला सुमारे १८ ग्रॅम बाष्प असते, तर ३२ अंशांना तेवढ्याच टक्केवारीत सुमारे २७ ग्रॅम. म्हणजे नुसत्या टक्केवारीची तुलना करणारा प्रोग्रॅम पंखा चुकीच्या वेळी लावील. गोव्यातील दिवाडी-चोडण बेटांवरच्या खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीत, मानशीच्या (पाण्याच्या दाराच्या) आतल्या व बाहेरच्या पाण्याची पातळी भरती-ओहोटीनुसार ताडून पाहायची असेल, तरी प्रोग्रॅमची घडण हीच राहते; बदलतात ते सेन्सर आणि आतले गणित.

यूएसबी उपकरणांची चौकशी निराळी, कारण ती केव्हाही जोडली व काढली जातात. प्रत्येक उपकरण उत्पादक व उत्पादन यांचे सोळा-सोळा बिटांचे क्रमांक सांगते, आणि लिनक्सच्या २.६ कर्नलपासून (कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा) ही माहिती सिसएफएस या फाइलव्यवस्थेत साध्या मजकुराच्या रूपात वाचता येते. मात्र मिळालेली यादी त्या क्षणापुरतीच खरी असते. आधी यादी घेऊन मग बदलांच्या सूचनांसाठी नाव नोंदवले, तर मधल्या क्षणात जोडलेले उपकरण कायमचे निसटते. म्हणून नोंदणी आधी व यादी नंतर हाच क्रम योग्य आहे. त्यानंतर यादीवर एकेक घटना लागू करून नवी यादी बनवणे हे शुद्ध फलनाचे सोपे काम आहे. विंडोजवर एफ-शार्पमधून डब्ल्यूएमआय या यंत्राची माहिती देणाऱ्या सेवेला एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेसारख्या वाक्यांत प्रश्न विचारता येतात.

व्यवस्थापनाचा गाभा मालकीचा आहे: उपकरण कोणी उघडले आणि ते कोण बंद करणार. हास्केलमधील ‘ब्रॅकेट’ हे फलन मध्येच त्रुटी उद्भवली तरी बंद करण्याची कृती पार पाडते. मात्र भाषेचे मूल्यांकन आळशी असल्यामुळे, म्हणजे मूल्य गरज पडेपर्यंत काढले जात नसल्यामुळे, आत वाचायला सांगितलेली माहिती प्रत्यक्षात उपकरण बंद झाल्यावर मागितली जाऊ शकते. म्हणून ब्रॅकेटमधून बाहेर पडण्यापूर्वी वाचन पूर्ण करून घ्यावे लागते.

अर्लांगची वाट वेगळी आहे. एरिक्सन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८६ साली जो आर्मस्ट्राँग यांनी सुरू केलेल्या या भाषेच्या मुळाशी टेलिफोन एक्स्चेंजची गरज होती, आणि बिघाड होणारच हे तिने पहिल्यापासून धरून ठेवले आहे. येथे प्रत्येक उपकरणाची मालकी एका हलक्या प्रक्रियेकडे असते. इतर प्रक्रिया तिला निरोप पाठवतात. ती कोसळली तर पर्यवेक्षक प्रक्रिया तिला पुन्हा उभी करते. सी भाषेतील ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) ‘पोर्ट’ म्हणून स्वतंत्र चालवला तर त्याचा बिघाड त्याच्यापुरताच राहतो; ‘एनआयएफ’ म्हणून आत घेतला तर वेग मिळतो, पण त्यातील एक चूक अर्लांगच्या सर्व प्रक्रिया चालवणारे संपूर्ण आभासी यंत्र बंद पाडू शकते. गोदामासारख्या कामाला पोर्टच बरा, कारण मिनिटाला एकदा वाचायच्या आर्द्रतेला त्या वेगाचा उपयोग नाही. एलिक्सरवर आधारलेल्या नर्व्हज या व्यवस्थेत मूळ फाइलव्यवस्था फक्त वाचनासाठी असते आणि नवे फर्मवेअर (उपकरणावरचा संपूर्ण प्रोग्रॅमसंच) साठवणीच्या दुसऱ्या विभागात लिहिले जाते. पावसाळ्यात वीज वारंवार जाणाऱ्या भागात हे गुण फार मोलाचे ठरतात. वीज परतल्यावर पंखा चालू होता की बंद हे प्रोग्रॅमने गृहीत धरू नये. रिले (पंख्याचा विजेवर चालणारा स्विच) आधी बंद स्थितीत आणून नवे वाचन घ्यावे आणि मगच निर्णय करावा.

या भाषांची मर्यादा वेळेच्या काटेकोरपणात आहे. डीएचटी२२ या स्वस्त आर्द्रता सेन्सरमध्ये शून्य आणि एक यांतला फरक केवळ स्पंदाच्या लांबीचा असतो: शून्याचे स्पंद सुमारे २६ ते २८ मायक्रोसेकंदांचे, एकाचे ७० चे. मेमरीची आवराआवर करण्यासाठी रनटाइम मध्येच थांबला तर हा फरक हातचा जातो. असे वाचन कर्नलमधील ड्रायव्हरवर सोपवतात, किंवा अशा प्रकारच्या कामासाठी फंक्शनल भाषेतून सी भाषेतील प्रोग्रॅम तयार करून घेतात. नासाच्या संशोधनात विकसित झालेली, हास्केलवर आधारित कोपायलट ही भाषा दुसऱ्या मार्गाने जाते: तिच्यात लिहिलेल्या देखरेखीच्या नियमांपासून ठरावीक मेमरी वापरणारा सी९९ प्रोग्रॅम तयार होतो.