सुबाभळीच्या भुशापासून तेल

लोणारी कोळसा पाडताना लाकूड मातीखाली झाकून कित्येक दिवस धुमसत ठेवतात. हाती कोळसा लागतो आणि लाकडातून निघालेले बाष्प धुराबरोबर उडून जाते. फास्ट पायरोलिसिस या पद्धतीत लाकूड हवेवाचून काही सेकंदांतच तापवतात, आणि वाया जाणारे ते बाष्पच मुख्य उत्पादन ठरते.

सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापलेल्या वाळूच्या थरात दोन-तीन मिलिमीटरचा भुसा सोडतात. खालून येणाऱ्या ऑक्सिजनविरहित वायूमुळे ही वाळू आधणासारखी खदखदत असते, त्यामुळे प्रत्येक कण क्षणात तापतो आणि सेल्युलोज व लिग्निन या लाकडाच्या मुख्य घटकांच्या लांब साखळ्या तुटून त्यांची वाफ होते. ही वाफ साधारण दोन सेकंदांच्या आत थंड केली नाही, तर तिचे रेणू आणखी फुटून वायू बनतात आणि तेलाचा उतारा घसरतो. सारे जमून आले, तर १०० किलो कोरड्या लाकडापासून ६५ ते ७५ किलो गडद तपकिरी, धुरकट वासाचे जैवतेल मिळते.

खरी अडचण भट्टीच्या अलीकडे आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते, आणि भुशातील ओलावा तर १० टक्क्यांच्या आत हवा, कारण तो शेवटी तेलातच उतरतो. बेळगावजवळच्या खानापूरच्या पावसाळ्यात हे उघड्यावर साधणारे काम नव्हे. शिवाय साल आणि पाल्यात पोटॅशियम अधिक असते व तेही उतारा कमी करते, म्हणून सोललेले खोड उत्तम. कर्नाटकाने २०१७ मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातल्यामुळे बेळगाव भागात या कामासाठी तोडल्यावर पुन्हा फुटणारी सुबाभूळ अधिक सोयीची वाटते.

हे तेल ट्रॅक्टरमध्ये घालता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. तसे ते घालता येत नाही. त्यात १५ ते ३० टक्के पाणी असते, ॲसेटिक आम्लामुळे ते साध्या लोखंडाला खाते, डिझेलमध्ये मिसळत नाही आणि साठवून ठेवले की हळूहळू घट्ट होत जाते. किलोमागे त्याची उष्णता १६ ते १९ मेगाज्यूल, तर डिझेलची सुमारे ४३. हायड्रोजनच्या साहाय्याने त्यातील ऑक्सिजन काढता येतो, पण तो खर्च लहान कारखान्याला झेपणारा नाही.

बॉयलर किंवा फर्नेस ऑइलवर (कारखान्यांत जाळायच्या जड खनिज तेलावर) चालणाऱ्या भट्टीत मात्र, बर्नर बदलून आणि स्टेनलेस स्टीलची टाकी वापरून, हे तेल जाळता येते. हुक्केरी-संकेश्वरकडच्या गुऱ्हाळांना त्याची गरज नाही; त्यांची चुलवण चिपाडांवर फुकटात पेटते. प्रक्रियेत उरलेला कोळसा आणि वायू बहुधा यंत्राच्या उष्णतेसाठीच जाळले जातात. तो कोळसा खतासोबत शेतात घालायचा असेल, तर भट्टी तापवण्यासाठी तितक्या उष्णतेचे दुसरे इंधन शोधावे लागते.