टी बॅगेतील ग्रीन टी

कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपाची कोवळी पाने खुडल्यावर लवकरात लवकर उष्णता देऊन, त्यांचे ऑक्सिडीकरण होऊ न देता वाळवली की ग्रीन टी तयार होतो. ही पत्ती एका कपापुरती मोजून गाळणकागदाच्या किंवा जाळीदार कापडाच्या पुडीत भरतात. तीच ग्रीन टी बॅग. पुष्कळ मराठी घरांत ‘हिरवा चहा’ म्हटले की गवती चहाची पात डोळ्यांसमोर येते. गवती चहा हे सिंबोपोगॉन प्रजातीतील सुगंधी गवत असून चहाच्या झुडपाशी त्याचे काहीही नाते नाही. हा घोळ टाळण्यासाठी या नोंदीत ‘ग्रीन टी’ हाच रूढ शब्द वापरला आहे.

काळा चहा आणि ग्रीन टी एकाच झुडपापासून होतात. पान चुरगळले की त्यातील पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने कॅटेचिन या तुरट द्रव्यांचे रूपांतर करू लागते आणि पान तांबूस होत जाते. काळ्या चहासाठी ही क्रिया मुद्दाम होऊ देतात, तर ग्रीन टीसाठी उष्णतेने विकर निष्क्रिय करून ती सुरुवातीलाच थांबवतात. चीनमध्ये त्यासाठी पाने बहुधा तापलेल्या कढईत परततात. लाँगजिंग हा या पद्धतीचा प्रसिद्ध चहा. जपानमध्ये पानांना वाफ देतात. वाफवून, वळून, वाळवण्याची सेंचा या जपानी ग्रीन टीची रीत उजी येथील नागातानी सोएन यांनी १७३८ मध्ये बसवली, असे मानले जाते. कढईतल्या चहाला भाजलेल्या दाण्यांसारखा खमंगपणा असतो. वाफेवरच्या चहाला उकडलेल्या कोवळ्या पाल्याचा वास येतो आणि रंगही अधिक हिरवा उतरतो. भारतात हिमाचल प्रदेशातील कांग्रा खोरे ग्रीन टीसाठी जुने नाव आहे. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपाने तेथील मळ्यांची मोठी हानी झाली, तरी उत्पादन टिकून राहिले. कांग्रा चहाला २००५ मध्ये भारतात आणि २०२३ मध्ये युरोपीय संघात भौगोलिक निर्देशांक मिळाला.

टी बॅगेचा जन्म न्यूयॉर्कचे व्यापारी टॉमस सलिव्हन यांनी १९०८ च्या सुमारास रेशमी पुड्यांतून पाठवलेल्या नमुन्यांतून झाला, अशी कथा नेहमी सांगितली जाते. मात्र मिलवॉकीच्या रॉबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लॅरेन यांनी एका कपापुरत्या जाळीदार पुडीच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) १९०१ मध्येच अर्ज केला होता आणि १९०३ मध्ये ते त्यांना मिळाले. पुढे जर्मनीत आडोल्फ राम्बोल्ट यांनी पुड्या भरणारी यंत्रे तयार केली. त्यांच्या १९४९ च्या यंत्रावर निघणारी दोन कप्प्यांची पुडी आजही सर्वत्र दिसते. दोन्ही कप्प्यांच्या मधून पाणी खेळते आणि पत्ती चारही बाजूंनी भिजते, हा तिचा खरा गुण. सूचीच्या (पिरॅमिडच्या) आकाराची पुडी ब्रिटनमध्ये १९९६ च्या सुमारास आली. तिच्यात पानाला उलगडायला जागा मिळते.

निवड करताना पुडीच्या आकारापेक्षा आत काय आहे ते पाहावे. एक पुडी कात्रीने कापून पांढऱ्या बशीत रिकामी केली की पुष्कळ गोष्टी कळतात. साध्या पुडीत बहुधा चहा चाळताना खाली राहिलेला बारीक चुरा असतो. चुऱ्यात मुळातच काही खोट नसते. त्याचा पृष्ठभाग जास्त असल्याने तो पटकन उतरतो, पण तितक्याच पटकन कडूही होतो आणि पाकीट फुटल्यावर त्याचा सुगंध लवकर उडतो. बशीत हिरवट, एकसारखे कण आणि ताज्या वाळल्या पाल्याचा वास असेल तर माल चांगला. तपकिरी कण, देठांचे तुकडे आणि जुन्या कागदासारखा वास असेल तर पाकिटावर कितीही हिरवी पाने छापलेली असोत, उपयोग नाही. पाकिटामागची घटकांची यादीही वाचावी. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असल्याने लिंबू, मध, तुळस अशा स्वादांच्या चहात प्रत्यक्ष पत्ती किती आणि स्वादद्रव्ये किती याचा अंदाज येतो. नवख्याने आधी बिनस्वादाचा चहा घ्यावा, हे बरे. कारण स्वादाच्या आड साधारण पत्ती सहज खपून जाते. पुडीत साधारण १.३ ते २ ग्रॅम पत्ती असते, म्हणून दोन पाकिटांच्या किमतींची तुलना पुड्यांच्या संख्येवर न करता निव्वळ वजनावर करावी.

पुडीचा कागद पुष्कळदा अबाका या फिलिपिन्समधील केळवर्गीय झाडाच्या चिवट धाग्यापासून करतात. कडा उष्णतेने चिकटवायच्या असतील तर त्यात पॉलिप्रोपिलीन हे प्लॅस्टिक मिसळतात, आणि सूचीच्या आकाराच्या पारदर्शक पुड्या नायलॉनच्या, पेट (पीईटी) या प्लॅस्टिकच्या किंवा पीएलए या वनस्पतिजन्य प्लॅस्टिकच्या असतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशी एक प्लॅस्टिक पुडी ९५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे ११.६ अब्ज सूक्ष्मकण सोडते असे मांडले. या मोजणीच्या पद्धतीवर पुढे आक्षेपही घेतले गेले. ज्यांना ही शंका नको, त्यांनी दोऱ्याने शिवलेली किंवा घडी घातलेली कागदी पुडी घ्यावी. भारतात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७ मध्ये पुडीला स्टेपलची पिन लावणे बंद करण्याचा आदेश काढला. अंमलबजावणीची मुदत नंतर वाढवण्यात आली.

ग्रीन टी कडू लागतो ही मराठी घरांतील नेहमीची तक्रार, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा पत्तीत नसून आधणात असते. आपला चहा उकळायचा असतो. दूध, साखर आणि आल्याला तोंड देण्यासाठी तो कडक व्हावाच लागतो. ग्रीन टी उकळायचा नसतो, मुरवायचा असतो. कॅटेचिन व कॅफीन जास्त तापमानाला झपाट्याने उतरतात, तर गोडसर, मांसल चव देणारी थिअनिनसारखी अमिनो आम्ले कमी तापमानाच्या पाण्यातही उतरतात. म्हणून पाणी ७५ ते ८५ अंशांच्या दरम्यान असावे. तापमापक लागत नाही: कपात एक भाग साधे पाणी घेऊन त्यावर तीन भाग उकळते पाणी ओतले की मिश्रण ८० अंशांच्या आसपास येते. २ ग्रॅमच्या पुडीला दीडशे ते दोनशे मिलिलिटर पाणी आणि दोन ते तीन मिनिटे पुरतात. काचेच्या पेल्यात पुडी सोडली तर पहिल्या काही सेकंदांतच पिवळसर हिरव्या रेषा तळाकडे उतरताना दिसतात. दोरा धरून पुडी सतत वरखाली करण्याची गरज नाही, एकदोनदा हलवणे पुरे. वेळ झाली की ती उचलावी आणि चमच्यावर दाबून पिळू नये, कारण शेवटच्या थेंबांत तुरटपणाच जास्त असतो. बोअरच्या जड पाण्यात रंग गढूळ येतो आणि सुगंध दबतो. गाळलेले मऊ पाणी वापरून फरक पाहता येतो. दुधाने ही नाजूक चव झाकली जाते. लिंबू चालते, पण कप किंचित निवल्यावर. उन्हाळ्यात दोन पुड्या अर्ध्या लिटर थंड पाण्यात टाकून पाच-सहा तास फ्रिजमध्ये ठेवल्या तर जवळजवळ कडूपणा नसलेला चहा मिळतो. पूर्ण पानाचा चहा दोनतीनदा मुरवता येतो. चुऱ्याच्या पुडीतून दुसऱ्या खेपेस फारसे काही निघत नाही.

ग्रीन टीचा भारतातील खप वजन घटवण्याच्या जाहिरातींशी घट्ट बांधलेला आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात मात्र ग्रीन टीपासून केलेल्या उत्पादनांमुळे होणारी वजनातील घट फार लहान व वैद्यकीय दृष्ट्या नगण्य आढळली. एका कपात साधारण २० ते ४५ मिलिग्रॅम कॅफीन असते, त्यामुळे झोपेची तक्रार असलेल्यांनी तो रात्री टाळावा. चहातील पॉलिफेनॉल वनस्पतिजन्य लोहाचे शोषण कमी करतात. रक्तक्षय असलेल्यांनी तो जेवणाबरोबर न घेता तासाभराचे अंतर ठेवावे. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी (ग्रीन टीतील प्रमुख कॅटेचिन) देणाऱ्या अर्काच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा होण्याची शक्यता युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवली. मुरवून प्यायलेला चहा त्याने सर्वसाधारणपणे सुरक्षित मानला.

पत्ती ओल, उजेड, उष्णता आणि परका वास यांपासून जपावी लागते. कोकणातील पावसाळ्यात नुसत्या खोक्यातल्या उघड्या पुड्या थोड्याच दिवसांत सादळतात. अशा हवेत एकेक पुडी स्वतंत्र फॉइलच्या पाकिटात असलेला माल थोडा महाग पडला तरी घ्यावा, किंवा खोके फोडताच पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात काढाव्यात. तो डबा मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नये.