राजगिऱ्याच्या दाण्याएवढा श्वास

तूर विकून झाली, हरभरा घरात आला, आणि पोरीने काढून दिलेल्या तिकिटांवर आम्ही मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर चढलो. मी, बायको आणि माझे चुलते नाना. आमच्या परभणीपासून समुद्र सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर. नानांनी तो सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा पाहिला आणि म्हणाले, "एवढं पाणी, अन् पिकाला एक थेंब न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जहाज झोपेत असताना आम्ही दोघं वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभे. मला देवमासा बघायचा होता. नानांना पाचलाच जाग येते.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे हिशेब करूनच गेलो होतो. डोळा पाण्यापासून जितका उंच, तितकं क्षितिज लांब. उंचीच्या मीटरचं वर्गमूळ काढायचं, ३.५७ ने गुणायचं, की किलोमीटर मिळतात. चौपाटीवर उभ्या माणसाला साडेचार किलोमीटर दिसतं, ३० मीटर उंच डेकवरून साडेएकोणीस. क्रूझ म्हणजे फिरता बुरूजच म्हणा. पण एवढ्या पसाऱ्यात शोधायचं काय? निळ्या देवमाशाचा फवारा सगळ्यांत उंच, नऊ मीटरपर्यंत जातो. पाच किलोमीटरवरून तो केवढा दिसेल? हात सरळ लांब करा आणि चिमटीत राजगिऱ्याचा एक दाणा धरा. तेवढा. तोही काही सेकंदच.

फवारा म्हणजे देवमासा नाकातून पाणी उडवतो, असं चित्रांच्या पुस्तकांनी आपल्या डोक्यात बसवलंय. पुसच्या पहाटे गोठ्यात गेलेल्याला खरी गोष्ट लगेच कळेल. बैल जोरात उच्छ्वास टाकतो तेव्हा नाकपुड्यांतून वाफेचे दोन लोट निघतात. देवमाशाचंही तसंच. फुफ्फुसातली कोंडलेली, उबदार, दमट हवा डोक्यावरच्या नाकातून जोरात बाहेर पडते आणि तिच्यातली वाफ थिजते. नाकपुडीभोवती साचलेलं थोडं समुद्राचं पाणी आणि शेंबूडही त्यात मिसळतात. आपण साध्या श्वासात फुफ्फुसातली १०-१५ टक्के हवा बदलतो, देवमासा एका दमात ८०-९० टक्के. थंड समुद्रात हा लोट लांबून उठून दिसतो. आपल्या अरबी समुद्रावर हवाच गरम, म्हणून तो फिका पडतो आणि लवकर विरतो. गोठ्यातही मे महिन्यात वाफ दिसत नाही, तसंच.

बैलाचं उदाहरण मी उगाच घेतलं नाही. देवमासा मासा नाही हे पाठ्यपुस्तकात असतं, पण तो खूरवाल्या प्राण्यांच्या कुळातला आहे हे वर्गात सांगितलं की पोरं हसतात. जम्मूतल्या कालाकोट भागात इंडोह्यूस नावाच्या, मांजराएवढ्या प्राण्याची हाडं मिळाली. वय सुमारे ४.८ कोटी वर्षं. त्याच्या कानाजवळच्या हाडाची जाडी थेट देवमाशांच्या कुळातली निघाली, हे २००७ साली प्रसिद्ध झालं. नात्याच्या हिशेबात बैल घोड्यापेक्षा देवमाशाला जवळचा. आणि आपल्या रानाखालचा काळा पाषाण, ज्यात वेरूळ कोरलं, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. म्हणजे जगात पहिला देवमासा यायच्या कितीतरी आधी मराठवाड्याचा दगड तयार होता. कच्छमध्ये तर हाच दगड खाली आणि जुन्या देवमाशांचे जीवाश्म वरच्या थरात सापडतात.

असो. डेकवर परत येतो.

पहिल्या तासाभरात मी तीन वेळा ओरडलो. दोनदा ती फुटलेली लाट होती, एकदा थर्माकोल. वारा वाढून लाटांना पांढरे तुरे फुटले की फवारा शोधणं जवळजवळ संपतंच, म्हणून सकाळची शांत वेळ गाठायची. नाना काही बोलत नव्हते. ते तुरीत रोही शिरलेत का बघतात तसे बघत होते. नजर कुठेच रोवायची नाही, बांधाबांधाने सावकाश फिरवायची, आणि जे हललं तिथं थांबायचं. मी त्यांना घड्याळाची पद्धत सांगून ठेवली होती: जहाजाचं नाक म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन.

"दोनवर बघ," नाना म्हणाले. "धुरळा उडायलाय."

समुद्रावर धुरळा! मी दुर्बीण लावली. किलोमीटरभर अंतरावर धुरकट झुडूप उभं राहिलं आणि विरलं. मग काही नाही. मग पुन्हा, जरा मागे. तिसऱ्या वेळी फवाऱ्याखालून काळपट पाठ सरकली, सरकतच राहिली, आणि बऱ्याच उशिराने विळ्यासारखा वाकलेला छोटा पर निघाला. शेपूट वर आलीच नाही. पाण्यावर तेलाच्या तवंगासारखा एक गुळगुळीत गोल डाग उरला. शेपटीच्या फटक्याने खालचं पाणी वर येतं आणि लाटा दाबून टाकतं; त्याला देवमाशाचं पाऊल म्हणायला हरकत नाही.

ओळख पटवायची ती एवढ्यावरूनच. फवारा डावीकडे पुढे तिरका गेला असता तर स्पर्म व्हेल, कारण त्याची एकच नाकपुडी, तीही डाव्या बाजूला. बुडी मारताना शेपूट उंच उचलली असती तर कदाचित हंपबॅक. शेपूट न दाखवता जाणारा, वाकड्या पराचा, उष्ण पाण्यातला म्हणजे ब्रायडचा देवमासा. त्याच्या डोक्यावर तीन कंगोरे असतात. ते दिसले नाहीत, म्हणून वहीत मी "बहुधा ब्रायडचा" असं लिहिलं. ते "बहुधा" मला अजून टोचतं.

नानांना वाटलं जहाज थांबेल. एसटी थांबते तसं. क्रूझ २० नॉटने, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने पळते. देवमाशाने दहा मिनिटांची बुडी मारली की ती सहा किलोमीटर पुढे. बघणाऱ्याचं नुकसान एवढंच, पण देवमाशाचं जिवावरचं. कॅनडातल्या दोन संशोधकांनी धडकांच्या नोंदींवरून काढलेलं गणित असं: जहाजाचा वेग ८.६ नॉट असेल तर धडकेत देवमासा मरण्याची शक्यता २१ टक्के, १५ नॉट असेल तर ७९. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला निळे देवमासे जिथे चरतात तिथूनच मोठा जहाजमार्ग जातो. एमएससी या बड्या मालवाहू कंपनीने २०२२ साली आपली जहाजं तिथून आणखी दक्षिणेला वळवली. बाकीच्यांनीही वळवायला हवीत, असं माझं मत.

आता जरा अरबी समुद्रातल्या हंपबॅककडे. जगातले हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात पोट भरतात आणि वीण करायला हजारो किलोमीटर उबदार समुद्रात येतात. अरबी समुद्रातले हंपबॅक कुठेच जात नाहीत. कारण आपला मान्सून. जूनमध्ये ज्या नैर्ऋत्य वाऱ्याकडे डोळे लावून आपण तिफण तयार ठेवतो, तोच वारा ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यावरचं वरचं पाणी लोटून देतो. खालचं थंड, खताळ पाणी वर येतं, वनस्पती-प्लवक माजतं, त्यावर मासळी पोसते. देवमाशांचं पीकही मृगाच्याच वाऱ्यावर! जनुकांवरून दिसतं की हा कळप सुमारे ७०,००० वर्षं इतरांपासून तुटलेला आहे. १९६६ साली सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या किनाऱ्यांजवळ बेकायदा सुमारे २४० हंपबॅक मारले. आज ओमानलगत शंभरही नसावेत, असा अंदाज आहे.

त्यांतल्या एका मादीला २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ओमानजवळ उपग्रहाचा टॅग लावला. नाव लुबान, म्हणजे दर्ग्यातल्या धुपाटण्यात जळतो त्या लोबानचंच अरबी भावंड. ती सरळ पूर्वेला निघाली, अख्खा अरबी समुद्र ओलांडून केरळच्या किनाऱ्यापाशी आली, आणि काही आठवड्यांनी परत ओमानला गेली. टॅग नसता तर ते कोणालाच कळलं नसतं. हंपबॅकच्या शेपटीखालची नक्षी आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी ज्याची त्याची वेगळी असते, म्हणून शेपटीचा धड फोटो मिळाला तर तो 'हॅपीव्हेल' या संकेतस्थळावर टाकावा. तिथं पर्यटकांच्या फोटोंवरून एकेक देवमासा ओळखतात.

आमच्याकडे फोटो एकच. त्यात कठडा, नानांचा रुमाल आणि पाणी. गावात पारावर नाना "धुरळा पाह्यला" एवढंच सांगतात. दुर्बीण मात्र त्यांनी परत दिलेली नाही. रात्री चांदणं असलं की माळवदावर बसून तुरीतले रोही मोजतात.